चपला दाराबाहेर, आणि देव?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २९ वर्षांची, मूळची नगर जिल्ह्यातली, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून गेली चार वर्षं पुण्यात एका सामाजिक संस्थेत काम करते. संस्था कुठल्याही धर्माची नाही. हडपसरकडच्या एका वस्तीत घरभेटी, बचत गट, शाळा सुटलेली मुलं असं काम. आडनाव चारचौघांसारखं, त्यामुळे ती ख्रिस्ती असल्याचं वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका बाईंचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला होता. नवरा आदल्या रात्री पिऊन मारहाण करून गेला होता. बाई रडत म्हणाल्या, "ताई, तुमचा देव कुठला का असेना, त्याला माझ्यासाठी सांगा." हिने त्यांचा हात धरून येशूच्या नावाने दोन मिनिटं प्रार्थना केली आणि मग मुलाला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी ताप उतरला. बाईंनी प्रार्थनेची गोष्ट वस्तीभर केली. नवऱ्याने संस्थेत येऊन "तुमची बाई आम्हाला बाटवायला येते" म्हणून आरडाओरडा केला. सुपरव्हायजरने लेखी समज दिली. इकडे मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, पाळकसाहेब (धर्मगुरू) म्हणाले, "चार वर्षं त्या लोकांत आहेस आणि साक्ष (येशूबद्दल उघड बोलणं) दिलीस ती एकदाच? नुसती पोटं भरून आत्म्यांचं काय?" ती विचारते, "ऑफिसच्या दाराशी चपला काढतो तसा देवही बाहेर काढून ठेवायचा का? की ही नोकरी सोडून एखाद्या ख्रिस्ती संस्थेत जावं?"

आधी एक सांगून टाकते. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी वारी, आजोबा आळंदीहून पायी पंढरपूरला जायचे. तेव्हा तुझ्या श्रद्धेबद्दल मी तुला काही शिकवायला जाणार नाही. पण वस्त्यांत, सरकारी दवाखान्यांत, कोर्टाबाहेरच्या बाकड्यांवर बायकांशेजारी बसण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्या जोरावर लिहिते. वयाने तुझ्या दुपटीहून मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

चपला बाहेर काढल्या तरी पाय आपलेच आत जातात, घट्ट्यांसकट. त्यामुळे देव बाहेर ठेवता येतो, हे तुझं गृहीतच मला पटत नाही. आणि खरं सांगायचं तर ठेवतो कोण? मी ज्या ज्या ऑफिसात बसले तिथे नव्या प्रकल्पाला नारळ फुटायचा, दसऱ्याला कॉम्प्युटरला झेंडूचा हार चढायचा. याला आपल्याकडे धर्म म्हणत नाहीत, 'आपली पद्धत' म्हणतात. मीही त्यातलीच. एका संक्रांतीला बचत गटाच्या बैठकीतच मी हळदीकुंकू ठेवलं, वाणाला प्लास्टिकचे डबे आणले. गटातल्या चार बायका आत येईनात, दाराच्या चौकटीशी उभ्या. चौघी विधवा. त्यातल्या एकीच्या सहीने गटाचं बँक खातं चालायचं. ते डबे मी नंतर सगळ्यांना वाटले, पण त्या पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

तेव्हा तुला मिळालेली समज एकतर्फी वाटत असेल, तर ते वाटणं चुकीचं नाही. सुपरव्हायजरला जरूर विचार, की धर्माबाबतचा नियम काय आहे, तो सगळ्यांना सारखा आहे का, आणि कुठे लिहिलेला आहे का. भांडायला जाऊ नकोस, विचारायला जा. बऱ्याच संस्थांत असा नियम नसतो. तक्रार आली की समज देतात आणि त्यालाच धोरण म्हणतात.

आता तुला टोचेल असं थोडं.

"बाईंनीच मागितलं" हे तू पत्रात तीनदा लिहिलंयस. ते खरं आहे आणि त्याला महत्त्वही आहे. हात सोडवून घेऊन "हे आमच्या नियमात बसत नाही" म्हणाली असतीस तर मी तुला याहून कडक पत्र लिहिलं असतं. पण बाईंचं वाक्य नीट वाच. त्या म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगा." सांगायचं काम तुझं. तू "हो, सांगते" म्हणून हात तसाच धरून गप्प बसली असतीस आणि रात्री आपल्या खोलीवर गुडघे टेकून सगळं सांगितलं असतंस, तर त्यांचं मागणं पुरं झालं असतं. मोठ्याने म्हणायची, त्यांना नाव ऐकू यायची गरज कुणाची होती? तुझ्याच पत्रात पुढे आहे, "प्रार्थना झाल्यावर कित्येक महिन्यांनी मला शांत वाटलं." मला, असं लिहिलंयस. चार वर्षं लपवलेलं एकदाचं बाहेर पडलं, त्याची ती शांतता असावी. त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. फक्त ती वेळ त्यांची होती.

शिवाय तुझ्या पिशवीत काय काय होतं ते आठव. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डात मुलाचं नाव घालायचे कागद, थोरलीला पुन्हा शाळेत बसवायचं पत्र. ज्या ताईच्या हातात हे सगळं आहे, तिने डोळे मिटले तर समोरची बाई डोळे उघडे ठेवेल का? "नको" म्हणायची सोय नसेल तर "हो" ला फार वजन देता येत नाही, मागणं तिचं असलं तरी. हे प्रार्थनेपुरतं नाही. मी "चला, मुलीचं लग्न पुढे ढकलू या" म्हणायचे तेव्हाही बायका माना डोलवायच्या आणि पुढच्या आठवड्यात मांडव पडलेला दिसायचा.

पुण्याला हा वाद नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं शारदासदन, विधवा मुलींची निवासी शाळा, १८८९ मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून १८९३ मध्ये शहर पेटलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने धारेवर धरलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं असं मला कधीच वाटलं नाही. ज्या घरांनी त्या पोरींना अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलं त्यांना एकाएकी त्यांच्या धर्माची काळजी लागली, याचा मला आजही राग येतो. पण तेरा-चौदा वर्षांची पोर, तिचं ताट, अंथरूण, अक्षरओळख सगळं एका बाईच्या हातात. ती उघड्या दारातून आत येते तेव्हा ओढ नेमकी कशाची, हे तिचं तिला तरी वेगळं काढता येईल का? मला याचं उत्तर देता आलेलं नाही. तुझ्या बाबतीत एक फरक मात्र आहे. ते दार रमाबाईंच्या स्वतःच्या खोलीचं होतं. इथे घर त्या बाईंचं होतं आणि आत तू गेली होतीस.

कायद्याचं एका वाक्यात: संविधानाचं २५वं कलम प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पण तुझा प्रश्न कोर्टातला नाहीच. आपल्या कामाची पट्टी कायद्यापेक्षा कडक असते, असायलाच हवी.

आणि ती पट्टी तुझ्या श्रद्धेच्या विरोधात कुणी तयार केली असं समजू नकोस. केसवर्कच्या, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायच्या कामाच्या, तासाला ती सात तत्त्वं घोकली असशील: स्वीकार, न्यायनिवाडा न करणं, गोपनीयता, क्लायंटचा स्वनिर्णय वगैरे. ती १९५७ मध्ये मांडणारे फेलिक्स बीस्टेक हे जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री होते. आपल्या देशातलं समाजकार्याचं पहिलं कॉलेज १९३६ मध्ये टाटांच्या पैशातून मुंबईत निघालं. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शर्ट हे नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी होते. म्हणजे या धंद्यात तू पाहुणी नाहीस, घरची आहेस. स्वनिर्णयाचा नियम तुझ्याच घरातल्या माणसाने लिहिलाय.

तो नियम मी पुस्तकातून शिकले नाही. फिल्डवर्कला माझ्या सुपरव्हायजर एक कॅथलिक सिस्टर होत्या. करड्या रंगाची साडी, पायात बाटाच्या चपला, बोलणं तुटक. सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात सासवडकडची एक म्हातारी ऑपरेशनला चालली होती. वॉर्डबॉयने तिच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून कुठेतरी टाकली. म्हातारी बोलेना, सही करेना, नुसता गळा चाचपत राहिली. मी तिला ऑपरेशनचे फायदे समजावत होते, चांगली दहा मिनिटं. सिस्टर आल्या, त्यांनी एवढंच विचारलं, "आजी, काय हवंय?" मग साडी सावरून ओणव्या झाल्या आणि खाटेखालून, लघवीच्या भांड्याच्या मागून माळ काढली. नळावर धुतली, गॉजच्या तुकड्यात बांधली आणि पदराची सेफ्टीपिन काढून म्हातारीच्या उशीच्या अभ्र्याला आतून लावली. "आत नेता येणार नाही. पण परत याल तेव्हा इथेच असेल." म्हातारीने अंगठा दिला.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, तुम्हाला नाही का वाटलं की आपल्या येशूचं काही सांगावं? सिस्टर म्हणाल्या, यरीहोच्या रस्त्यावर बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी ओरडत होता. त्याला काय हवं ते कुणालाही दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलंच, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" एवढं बोलून त्यांनी कंडक्टरला सुट्टे दिले. विषय संपला.

तुला ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. पुढच्या वेळी असा प्रसंग आला तर हेच वापर. कुणी म्हणालं, "ताई, देवाला सांगा," तर "सांगते" म्हण आणि लगेच विचार, "अशा वेळी एरवी तुम्ही काय करता? कुणाकडे जाता?" येल्लम्मा निघेल, दर्गा निघेल, विहारातली वंदना निघेल, नाहीतर "शेजारच्या मावशीकडे जाऊन बसते" असं निघेल. तुझ्या हाताशी न अडकलेलं, तू बदली होऊन गेलीस तरी तिच्याजवळ राहील असं काहीतरी. तिचा आधार तिथून बांधायला लाग. त्यातून भगताचा अंगारा नि दवाखाना बंद असं निघालं तर मात्र तिथे गप्प बसायचं नाही, हे सांगायला नकोच.

कुणी "तुम्ही कोण?" असं विचारलं तर सरळ सांग, "मी ख्रिस्ती आहे," आणि पुन्हा त्यांच्या विषयावर ये. चार वर्षं लपवलंस हे मला समजतं. या दिवसांत आपली मुळं न सांगणं सोयीचं असतं, कधी गरजेचंही. पण लपवल्यामुळेच त्या नवऱ्याला 'पकडली' म्हणता आलं. नाताळात बाकीच्यांनी दिवाळीचा फराळ आणावा तशी करंजी-कलकल आणलेली ताई कुणाला बाटवायला आली असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हटलं तरी चार बायकाच त्याला गप्प करतात.

तापाचंही एकदा निस्तर. दवाखान्यात तू नेलंस, डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि मुलगा बरा झाला, पण वस्तीत औषधाचं नाव कुणी घेत नाही. बाईंना भेटून स्पष्ट सांग, की ताप औषधाने उतरला आणि पुन्हा आला तर आधी दवाखाना. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूचं पोर घेऊन कुणीतरी तुझ्याकडे येईल. श्रेय सोडताना तुझ्या श्रद्धेचं काही कमी होईल असं मला वाटत नाही. याबाबत तुझे पाळकही दुमत करणार नाहीत, अशी आशा आहे.

पाळकसाहेबांचं म्हणशील, तर त्यांच्या बोलण्याने तू दुखावलीयस हे ओळीओळीत दिसतं. सुपरव्हायजरच्या मेमोपेक्षा जास्त. त्यांना एकदा एकटीने भेट, रविवारच्या उपासनेनंतरच्या घोळक्यात नको. त्यांना सांग, वस्तीत मी पगारावर, विश्वासावर जाते. तिथे साक्ष मोजायला लागले तर समोरची बाई मोजणीतला आकडा होते. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट त्यांना ठाऊक असणारच. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. येशूने "बाकीचे नऊ कुठे?" असं विचारलं खरं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि दुसरंही सांग, हे जरा धिटाईने. तुझ्या मंडळीतही पिणारे नवरे असतील आणि मार खाणाऱ्या बायका असतील. आमच्या कीर्तनाला बसणाऱ्यांत आहेत, तुमच्या बाकांवरही असणार. त्यांना कुणी काय सांगतं? "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" एवढंच ना? २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काय आहे, संरक्षण अधिकारी कोण असतो, हे महिला मंडळाच्या बैठकीत तासभर तू सांगू शकतेस. श्रद्धा कामात कशी न्यायची याचा विचार तू चार वर्षं करतेयस. काम मंडळीत न्यायचा विचार पत्रात कुठेच नाही. तिथे तुला कुणी समज देणार नाही. निदान लेखी तरी नाही.

नोकरी बदलण्याबद्दल. ख्रिस्ती संस्थेत जायला माझी काही हरकत नाही, उलट दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होणाऱ्या जागी तू मोकळी होशील. पण रागाने जाऊ नकोस. आणि मुलाखतीला त्यांना तूही प्रश्न विचार: राहणाऱ्या बायकांना प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? न बसणारीच्या वागणुकीत फरक पडतो का? मुस्लिम मुलीने रोजे धरले तर पहाटे तिला जेवण मिळतं का? पुण्याजवळ वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये 'माहेर' सुरू केलं. सुरू करणारी नन, आणि घर सगळ्या धर्मांचं. म्हणजे हे जमतं. जिथे या प्रश्नांना अडखळत उत्तरं मिळतील तिथे तुझा आजचाच पेच उलट्या बाजूने उभा राहील, आणि तिथे समज देणारं तुझ्याच माणसांतलं असेल.

सध्याच्या ऑफिसात एक पथ्य पाळ. जे फाइलमध्ये लिहिता येत नाही, ते करू नकोस. त्या दिवशीच्या घरभेटीची नोंद तू लिहिलीस, पण प्रार्थनेचा उल्लेख गाळलास, हे तूच कबूल केलंयस. आता पुरवणी नोंद लिही: बाईंनी काय मागितलं, तू काय केलंस, का केलंस, पुढे काय करणार. सुपरव्हायजरला आपण होऊन दाखव. समजेवर तुझं उत्तरही त्यातच आलं.

आणि ती फाइल काढशीलच, तर एक बघ. तुझं पत्र साडेचार पानांचं आहे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्यात एक ओळ आहे, "नेहमीचंच आहे त्यांचं" अशी. सुपरव्हायजर प्रार्थनेवर बोलले, पाळक साक्षीवर बोलले, नवरा बाटवण्यावर बोलला, तूही देवाबद्दलच लिहिलंस. त्या बाईच्या अंगावरच्या वळांबद्दल कुणी काही बोललेलं नाही. नवरा संस्थेत येऊन ओरडून गेला, त्या रात्री घरी काय झालं असेल? तू गेली होतीस का त्यानंतर? समज मिळाल्यावर बहुतेक तिथे जाणंच टाळलं असशील, मीही टाळलं असतं. पण जा. नवरा कामावर असेल अशा दुपारी जा, शक्य तर दुसरी एखादी सहकारी बरोबर घे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि पोलिसांच्या भरोसा सेलचा पत्ता कागदावर लिहून देऊ नकोस, कागद नवऱ्याच्या हाती लागतो. पाठ करून घे. मुलाच्या तब्येतीपासून सुरुवात कर, औषध पुरं झालं का ते विचार. मग तिला काय हवंय ते विचार, आणि तक्रार करायची नाही म्हणाली तर तेही लिहून ठेव, पुढच्या भेटीची तारीख घालून.